तुम्ही भरलेली बॅग

आप्पा, गेल्या आठवड्यात मी विमानाने बंगळुरूला आले. हे तुम्हाला कळवायचं तसं काही कारण नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी दोन शब्द बोलावेत असं मला एकदाही वाटलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात तुमच्या नावाचं पान मी ठेवते, कारण माय होती तोवर तिने ते माझ्याकडून करून घेतलं आणि तिच्यामागे ते तसंच चालू राहिलं. पण पान ठेवताना मी हात जोडत नाही, आणि कावळा शिवला की नाही ते वळून बघत नाही. आज लिहायला बसले आहे तीही रागानेच. लेकीचं बाळ दहा दिवसांचं आहे, दोघं आतल्या खोलीत झोपली आहेत, जावई कामावर गेला आहे आणि त्याच्या टेबलावर कोरे कागद पडले आहेत. दुपारचे दोन तास मला या घरात काही काम नसतं. सुरतेला असते तर या वेळी दवाखान्यात चादरी बदलत असते आणि हे सगळं डोक्यात आलं तसं निघूनही गेलं असतं.

लेकीला पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. त्याप्रमाणे मी रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं होतं. एक मोठी बॅग, एक पिशवी, बाळंतिणीला शेक द्यायला छोटी शेगडीसुद्धा न्यायची ठरवली होती. मागच्या सोमवारी सकाळी सातलाच जावयाचा फोन आला. "मम्मी, मुलगा झाला. तीन आठवडे आधीच. दोघं ठीक आहेत, पण ती सारखी तुमचंच विचारतेय." त्याची स्वतःची आई तो शाळेत असतानाच गेली, त्यामुळे तिथे बाईमाणूस म्हणून कोणीच नव्हतं. मी म्हटलं, "आजच निघते." तो म्हणाला, "गाडीने नका येऊ, फार वेळ जाईल. उद्या दुपारचं विमान बघतो." तासाभराने पुन्हा फोन. तिकीट मिळालं होतं, पण ते फक्त हातातल्या बॅगेचं. सात किलो. त्यावर गेलं तर काउंटरवर थांबवतात, वेळ जातो, म्हणून त्याने मला दोनदा बजावलं. माझा नवरा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये आहे, सकाळी सहाला घर सोडतो. त्याला फोन केला तर मागे मशीनचा आवाज होता. "तू जा," तो ओरडून म्हणाला, "माझं मी बघतो."

डिंक आणि खारीक आणून ठेवलेलीच होती. दुपारपर्यंत लाडू वळून झाले. मग पलंगावर सगळं मांडलं. लाडवांचा डबा, ओवा, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची सहा दुपटी, चार झबली, टोपडी, मी तीन महिने हाताने शिवलेली बाळाची गोधडी, माझ्या तीन साड्या, दोन गाऊन, स्वेटर, प्रेशरच्या गोळ्या, चष्मा, चार्जर. शेगडी बाजूला ठेवली. बॅग म्हणजे लेकीचीच जुनी, चाकांची, गेल्या दिवाळीत ती टाकून गेली होती. सामान पलंगभर आणि बॅग उशीएवढी. तेवढ्यात लेकीचा दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला. चेहरा पिवळा पडलेला, आवाज खोल गेलेला, तरी मला शिकवायला निघाली. "मम्मी, एक व्हिडिओ पाठवलाय बघ. कपड्यांची घडी नाही घालायची, गुंडाळायचे. रोल करायचे. जागा वाचते."

"बरं."

"जड वस्तू चाकांच्या बाजूला. स्वेटर अंगातच घाल. तेल, तूप काही आणू नकोस, तिथे काढून घेतात. गोळ्या आणि चार्जर वरच्या कप्प्यात."

"तू झोप आता."

"जमेल ना तुला?"

"मला बॅग भरता येते," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर माझं तोंड कडू झालं.

व्हिडिओतल्या बाईने सांगितलं तसं सगळं केलं. साड्या गुंडाळल्या, दुपटी गुंडाळली, केळ्यांच्या फण्या रचतात तशा त्या गुंडाळ्या ओळीने रचल्या. गोधडी बाहेर, लाडवांचा डबा बाहेर आणि बॅग भरून गेली. सगळं उपसलं, पुन्हा रचलं. यातली एक साडी कमी करू, स्वेटर अंगात घालू असं करत करत दीड तास गेला. खरं तर पहिल्या पाच मिनिटांतच मला दिसलं होतं की हे बसणार नाही. गोल वस्तूंच्या मध्ये फटी राहतात, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. दुसरी पद्धत माझ्या हातात होती आणि ती मला वापरायची नव्हती, म्हणून मी त्या अनोळखी बाईच्या मागे लागले होते. माझी लेक तिथे ओली बाळंतीण पडली होती आणि मी इथे तुमच्याशी हट्ट धरून बसले होते.

मी दहा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे आणि मायने मला तुमचा डबा घेऊन कापड मार्केटात पाठवलं आहे. तळघरात साड्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या आहेत, नव्या कपड्याच्या वासाने डोळे चुरचुरतात. तुम्ही जमिनीवर बारदान पसरलं आहे आणि त्यावर आत खाकी कागद. बाकीचे पॅकिंगवाले थप्पी उचलून मध्यभागी ठेवतात, तुम्ही ठेवत नाही. "पहिले कोपरा," तुम्ही म्हणता, आणि माझा हात धरून पार्सलच्या कोपऱ्यात घालता, तिथे बोट शिरतं का ते बघायला लावता. "पार्सलमा हवा राहिनी का माल हालस." मग एक थर आडवा, एक उभा, वर गुडघा टेकवून तुम्ही अंगाचा भार देता आणि तसेच थांबता. घाई करत नाही. आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते, माल खाली बसतो, आणि जिथे जागा नव्हती तिथे अजून चार साड्या जातात. मग दाभण आणि सुतळी घेऊन तुम्ही ते असं शिवता की टाके मोजावेत. तुमचं पार्सल पाटण्याला गेलं, मदुराईला गेलं, आतली घडी मोडली नाही, असं शेठ लोकांना सांगायचा. मला तेव्हा तुमचं फार कौतुक वाटायचं. एवढं लिहिते आणि पुढे जाते, कारण त्यावर जास्त थांबायची माझी इच्छा नाही.

आठ वर्षांनी तुम्ही माझी बॅग भरलीत. बारावीला मला चांगले गुण मिळाले होते. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीतून बारावी झालेली मी तिसरी मुलगी. नाशिकला एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत मला प्रवेश मिळाला होता, त्यांचं पत्र आलं होतं, टपालाच्या शिक्क्यासकट ते मी उशीखाली ठेवून झोपत होते. तुम्ही पंधरा दिवस काही बोलला नाहीत. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मग एका रविवारी नवीन बॅग घेऊन आलात. चॉकलेटी रेक्झिनची, पितळी चेन असलेली. त्याआधी तुम्ही माझ्यासाठी म्हणून काही आणल्याचं मला आठवत नाही. मी जमिनीवर बसून ती भरायला लागले तर तुम्ही मला बाजूला केलंत. "सरक. मी भरी देस." मी काढून ठेवलेल्या कपड्यांकडे बघून हसलात. "एवढं सामान कसाले? हाई काय वऱ्हाड शे?" मीही हसले. मला मायने मधेच नळावर पाठवलं, मी पाणी घेऊन आले तोवर अर्धी बॅग भरून झाली होती. उरलेली माझ्यासमोर भरलीत. कोपऱ्यांत मोजे, रुमाल, कंगवा. मधे सलवार-कमीज, घडीवर घडी. आणि सगळ्यात वर माझी पुस्तकं, त्यात ते प्रवेशाचं पत्र. "पुस्तकं वर ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात, "गाडीमा वाचशी."

आप्पा, तुम्ही जन्मात कधी जड माल वर ठेवला नव्हता. ज्या माणसाने मला दहाव्या वर्षी शिकवलं की वजन खाली जातं, नाहीतर खालच्या मालाचा चुरा होतो, त्याने दोन जाडजूड पुस्तकं वर ठेवली आणि मला ती माया वाटली. तिथेच मला कळायला हवं होतं. कळलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण कळायला हवं होतं.

उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आपण बसलो. तुम्ही सांगितलं होतं की जळगावला उतरून पुढे नाशिकची गाडी धरायची. बॅग वर ठेवायला तुम्ही हात पुढे केलात, मी दिली नाही. अख्खा प्रवास ती माझ्या मांडीवर होती. चेन अर्धी उघडायची, पुस्तक काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. हाडांची नावं पाठ करत होते. शरीरात दोनशे सहा हाडं असतात हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बरं." नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं. अमळनेर आलं तेव्हा तुम्ही उठलात. "उतर. फुईनी तब्येत बरी नही, भेटीसन जाऊ." तुमची बहीण, माझी फुई, तिथून आठ मैलांवर राहत होती. मी म्हटलं, "उद्या हजर व्हायचंय, आप्पा." तुम्ही म्हणालात, "सकायले निघू." बॅग मीच उचलली. बस स्टँडपर्यंत, बसमध्ये, मग फुईच्या घरापर्यंतच्या पायवाटेने, मीच.

फुई अंगणात उभी होती. तिच्या तब्येतीला काही झालेलं नव्हतं. दारात मांडव घातलेला होता, पाट्यावर हळद वाटलेली होती, दोन बायका मला बघून पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, फुईच्या पोराचं लग्न असेल आणि तुम्ही मला सांगायचं विसरलात. बघा, तेव्हाही मी तुमच्यासाठी कारण शोधत होते. फुईने माझ्या हातातून बॅग घेतली, ओट्यावर ठेवली, पुस्तकं काढून बाजूला टाकली आणि कुठेही न चाचपडता हात सरळ तळाशी घातला. तिला माहीत होतं. खाकी कागदात बांधलेला एक गठ्ठा तिने बाहेर काढला. सुतळीची गाठ तुमची होती, मी ती शंभर गाठींत ओळखली असती. आत शालू. लाल, जरीकाठाचा, मार्केटातल्या कोऱ्या घडीचा.

"हाई काय?" मी विचारलं.

फुई म्हणाली, "तुना बापनी तुले सांगं नही?" आणि तिने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पायातली चप्पल काढत होतात. चप्पल काढायला तुम्हाला खूप वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी माझं लग्न झालं. मी रडले, जेवले नाही, एकदा मागच्या दाराने रस्त्यापर्यंत गेले आणि फुईच्या दिराने मला परत आणलं. ते सगळं लिहीत बसत नाही. तुमच्या शेजारच्या गल्लीतली एक मुलगी त्या वर्षी कॉलेजातून घरी आली नव्हती, कोणाबरोबर तरी गेली होती, आणि तुम्ही त्याने घाबरला होतात असं पुढे मला लोकांनी सांगितलं. घाबरला असाल. मला विचारायला घाबरायचं काय कारण होतं? माझ्या नवऱ्यावर माझा राग नाही. तो सुरतेतच लूमवर कामाला होता, लग्न करून त्याने मला परत लिंबायतलाच आणलं, तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "तू शिकायला नको म्हणालीस ते बरंच केलं, नाहीतर आपली गाठ पडली नसती." मी घास खाली ठेवला. त्याला तुम्ही तसं सांगितलं होतं. मीच नको म्हटलं, मलाच संसार हवा होता, असं. मी त्याला खरं काय ते सांगितलं तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं. "मला माहीत असतं तर मी उभा राहिलो नसतो," तो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अजून ठेवते.

दुसऱ्याच दिवशी मी मार्केटात आले होते. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तळघरात तुमच्या जागेवर होतात, पार्सल शिवत होतात, भोवती चार-पाच जण. मी घरून ठरवून आले होते की आवाज चढवायचा नाही. मी विचारलं, "माझं प्रवेशाचं पत्र कुठे आहे?" पुस्तकांतून ते कधीच गेलं होतं, फुईच्या घरी मी पान न् पान झाडून पाहिलं होतं. तुम्ही दाभण खेचत राहिलात. मी म्हटलं, "एकदा मला विचारायचं तरी होतं." तेव्हा तुम्ही मान वर केलीत आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पार्सलले कोणी इचारस का, तुले कोठे जानं शे?" लोक हसले. त्यात एक म्हातारा होता, तो मला लहानपणी गोळ्या द्यायचा, तोही हसला. तुम्ही नाही हसलात. तुम्ही परत शिवायला लागलात. जिना चढून मी रस्त्यावर आले, रिक्षांच्या गर्दीत उभी राहिले, आणि मला घराचा रस्ता आठवेना.

त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. पर्वत पाटिया भागातल्या एका प्रसूतिगृहात मला आयाचं काम मिळालं. चादरी, बेडपॅन, बाळांचे लंगोट, बाळंतिणींना आंघोळी. नर्सबाई इंजेक्शन भरायच्या आणि मी ट्रे धरून उभी राहायची. कुठलं औषध, किती, कधी, हे मला दुसऱ्या वर्षीच पाठ झालं होतं. हात लावायची परवानगी नव्हती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुली टोपी घालून यायच्या आणि मला "मावशी, जरा पुसून घ्या" म्हणायच्या. त्या वाईट नव्हत्या. पण दर वेळी मी फरशी पुसताना तुमच्या मानेवर पाय द्यावा तसा फडका दाबला आहे.

आणि मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. उजवी बाजू गेली. मायला तुम्हाला उचलता येत नव्हतं, म्हणून कामावर जायच्या आधी आणि आल्यावर मी येत होते. तुमची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, तुमच्या खालची चादर तुम्हाला न उठवता काढायची. पाच महिने केलं. मी वाट बघत होते, हे मी लपवत नाही. तुमची जीभ जड झाली होती पण शब्द कळत होते. मला वाटायचं, आज बोलाल, एक शब्द बोलाल. एका सकाळी मी तुम्हाला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "तू एकदम नर्सगत करस." कौतुकाने म्हणालात. तुम्हाला त्यात काहीच लागत नव्हतं. तुम्ही विसरून गेला होतात, आप्पा. मी टॉवेल बादलीत टाकला आणि तुम्हाला तसंच अर्धवट उघडं ठेवून घरी गेले. दोन दिवस आले नाही. त्या दोन दिवसांत तुमच्या पाठीला जखम झाली ती शेवटपर्यंत भरली नाही. माय मला काही बोलली नाही. त्या जखमेचं मला वाईट वाटायला हवं होतं, असं कोणीतरी म्हणेल. मला वाटलं नाही.

तर मागच्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्या व्हिडिओतल्या बाईला बंद केलं, बॅग रिकामी केली आणि तुमच्यासारखी भरली. माझी सगळ्यात मोठी साडी उलगडून बॅगेत अंथरली, टोकं चारी बाजूंनी बाहेर सोडली. आधी कोपरे. ओवा आणि बाळंतशेपा मोज्यांत घालून दोन कोपऱ्यांत, टोपडी आणि रुमाल बाकीच्या दोन. चाकांकडे लाडू, डब्यातून काढून चपट्या पिशवीत, दोन थरांत. मग दुपटी एक आडवं, एक उभं. गोधडी चौघडी करून मधोमध, वर झबली, मग साडीची टोकं एकेक करून आत ओढून घेतली, आणि गुडघा टेकवून थांबले. हवा निघताना जो आवाज होतो तो ऐकला. पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. उठले तर वर चार बोटं जागा झाली होती, तिथे दोन गाऊन आणि घरातल्या चपला गेल्या. चेन एका हाताने लागली. हात कुठे थांबले नाहीत, मला विचारायलाही नाही. तुमची कुठलीच गोष्ट माझ्यात राहू नये म्हणून मी इतकं सांभाळलं होतं, आणि ती माझ्या बोटांत होती.

खाली किराणा दुकानात बॅग काट्यावर ठेवली. दुकानदार गुजराती, वीस वर्षांची ओळख. "मासी, सात किलो चारसो," तो म्हणाला. "क्यां जवानुं?" मी सांगितलं, बेंगलोर, दीकरीने बाबो आव्यो, लेकीला मुलगा झाला. त्याने काट्याकडे बघून मान हलवली. मग तिथेच पायरीवर बॅग उघडून वरचा एक गाऊन आणि चपला काढल्या. सहा किलो नऊशे. दुकानदाराने खडीसाखरेची एक पुडी पुढे केली, बाळासाठी. मी म्हटलं, "आता चिमूटभरही जाणार नाही." तो हसला. पुडी मी हातातल्या पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर स्वेटर घालून घामाघूम उभी होते. काउंटरवरच्या मुलीने बॅग मापाच्या लोखंडी चौकटीत घालायला सांगितली, ती अलगद बसली. वजन केलं, तिने स्टिकर लावला, पुढे जा म्हणाली. माझ्या मागे एक गुजराती बाई होत्या, साठीच्या, एकट्याच, मुलाकडे निघालेल्या. त्यांची बॅग चौकटीत जाईना. दाबायला गेल्या तर चेन फाकली आणि खाखऱ्याची पाकिटं, साड्या, औषधाच्या बाटल्या सगळं बाहेर यायला लागलं. मुलगी म्हणाली, "आंटी, साइड में करके ठीक कर लीजिए." बाई बाजूच्या बाकाशी जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मला पुढे जाता आलं असतं. मी मागे फिरले, फरशीवर मांडी घालून बसले, त्यांची बॅग उपसली. मोठी साडी खाली, कोपरे आधी, खाखरे उभे कडेला, मध्ये कपडे. गुडघा टेकवला तेव्हा त्या म्हणाल्या, "फाटी जशे, बेन." मी म्हटलं, "नहीं फाटे," आणि त्यांना जरा थांबायला सांगितलं. दहा मिनिटांत बॅग चौकटीत गेली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आ तमने कोणे शीखवाड्युं?"

मी म्हटलं, "मारी मम्मीए."

विमानात खिडकीची जागा होती. खाली काय दिसतं ते मी पाहिलं नाही, त्या उत्तराशीच अडकून बसले. मायला दोन लुगडी पिशवीत नीट घालता येत नसत. तिने मला असं काही शिकवलं असेल यावर तिचाही विश्वास बसला नसता. तुमचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून तिचं घेतलं, हे तर झालंच. पण एक गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. फुईने तो शालू उलगडला तेव्हा त्याच्या घडीत ब्लाउज होता. शिवलेला. मला तो बाहीपासून पाठीपर्यंत बेताचा बसला, कुठे टाचणी लावावी लागली नाही. तुम्हाला माझं माप माहीत नव्हतं. माझा जुना ब्लाउज कपाटातून काढून शिंप्याकडे नेणारं घरात एकच माणूस होतं. निघायच्या सकाळी तिने माझ्या हातावर दही घातलं होतं आणि म्हणाली होती, "नीट अभ्यास करजो, पोरी." हूक लावता लावताच मला सगळं कळलं होतं. मी तिला कधीच विचारलं नाही. तिच्या म्हातारपणी तिला घरी आणलं, शेवटपर्यंत हाताने भरवलं, ती गेली तेव्हा चितेपाशी खूप रडले. तिच्या वाट्याचं जे काही होतं तेही तुमच्याच अंगावर टाकत आले, कारण तिच्यावर रागावले असते तर मला माहेर म्हणून काहीच उरलं नसतं. ते तुमच्यावरून काढून घ्यायचा माझा विचार नाही. फक्त ते तुमचं एकट्याचं नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

आत बाळाने आवाज दिला आहे, लेक उठायच्या आधी हा कागद फाडते. तिला तिची आजी फार आवडायची.